सफरचंदाच्या जाती चाखून कशा निवडायच्या: खरेदी, साठवण, चाचणी आणि रोजच्या आहारातली जागा

सफरचंद घेताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "गोड आहे ना?" फळवाला मान डोलावतो. घरी आल्यावर फळ पिठूळ निघालं, की "हल्लीच्या सफरचंदांना चवच नाही" असा निकाल लागतो. दोष चवीचा नसतो. आपण कोणती जात घेतली, ती कधी तोडलेली होती आणि घरी आणून कुठे ठेवली, यातलं काहीच आपण पाहिलेलं नसतं. त्यात एक फळ फ्रीजमधून काढून थंडगार खातो आणि दुसरं गाडीवरून आणल्या आणल्या. मग दोघांची तुलना करतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. साठवण आणि धुणं नीट न करता चाखायला बसलात, तर तुम्ही जातीची नाही, फ्रीजमधल्या कप्प्याची चव घेत असता.

टप्पा १: आधी महिना बघा

आपल्याकडे येणाऱ्या देशी सफरचंदांचा हंगाम हिमाचलच्या खालच्या पट्ट्यातून सुरू होतो. जुलैत टायडमनसारख्या लवकर येणाऱ्या जाती दिसू लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरात शिमला-कुलूचं रॉयल डेलिशियस येतं. किन्नौरचं फळ उंचावरचं असल्यामुळे उशिरा, साधारण सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरात उतरतं. ते घट्ट असतं आणि टिकतंही जास्त. काश्मीरचा मुख्य माल सप्टेंबर ते नोव्हेंबर येतो. त्यात डेलिशियस सर्वांत जास्त, आणि शेवटी शेवटी अंबरी आणि महाराजी.

डिसेंबर उलटला की बाजारातलं देशी फळ शीतगृहातून आलेलं समजा. त्यात वाईट काही नाही. चांगल्या शीतगृहात हवेतला प्राणवायू अगदी थोड्या टक्क्यांवर आणतात, त्यामुळे फळाचं पिकणं जवळजवळ थांबतं आणि ते महिनोन् महिने करकरीत राहतं. अडचण बाहेर काढल्यावर सुरू होते. थांबलेलं पिकणं पुन्हा जोरात चालू होतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात हातगाडीवरचं फळ चार-पाच दिवसांत मऊ पडतं.

न्यूझीलंड, चिली आणि दक्षिण आफ्रिकेत तोडणी साधारण फेब्रुवारी ते मे अशी चालते. म्हणून मे-जूनमध्ये तिकडून आलेलं गाला हे काश्मीरच्या शीतगृहातल्या डेलिशियसपेक्षा ताजं असू शकतं. देशी फळच घ्यायचं ठरवलं असेल तर ऑगस्ट ते डिसेंबर भरपूर खा आणि उन्हाळ्यात आंबा, जांभूळ, कलिंगडाकडे वळा. बारमाही सफरचंदाचा हट्ट धरण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि चवीलाही बरं.

हिमाचलच्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी काढलेली 'एचआरएमएन-९९' ही कमी थंडीत येणारी जात आहे. महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांनीही ती लावली आहे आणि सपाटीवर तिचं फळ जूनच्या सुमारास येतं. मिळाली तर चाखण्याच्या यादीत जरूर धरा. मात्र तिची तुलना ऑक्टोबरच्या किन्नौरी फळाशी करू नका.

टप्पा २: चारच जाती निवडा

एका बैठकीला चार, फार तर पाच. त्यापुढे जीभ थकते आणि शेवटची दोन फळं सारखीच लागतात. चारही एकाच स्वभावाच्या घेऊ नका. पहिल्या वेळेसाठी रॉयल किंवा काश्मिरी डेलिशियस, गोल्डन, गाला आणि ग्रॅनी स्मिथ हा संच सोयीचा आहे.

डेलिशियस: लांबट फळ, खालच्या टोकाला पाच उंचवटे. आंबटपणा फार कमी, साल जाड आणि किंचित तुरट. ताजं असताना छान, पण सर्वांत लवकर पिठूळ होणाऱ्यांपैकी हेच. 'रॉयल', 'रिच-अ-रेड' आणि 'सुपर चीफ' हे याच घराण्यातले. वॉशिंग्टनचं म्हणून विकलं जाणारं मोठं लालभडक फळही बहुधा रेड डेलिशियसच असतं. त्यामुळे 'काश्मिरी' आणि 'वॉशिंग्टन' शेजारी ठेवून दोन जाती चाखल्या असं समजू नका. जात बरेचदा एकच असते, फरक गावाचा आणि साठवणीचा.

गोल्डन: पिवळं, पातळ सालीचं, मधासारख्या वासाचं. फळ लगेच लागतं आणि सुरकुततं, म्हणून फळवाले ते कमी ठेवतात. शिजवायला उत्तम.

गाला: मध्यम किंवा लहान, पिवळ्यावर नारिंगी-लाल रेघा. साल पातळ, गोडी सौम्य. लहान मुलांना बहुधा हेच आवडतं.

ग्रॅनी स्मिथ: हिरवं, घट्ट, ठसठशीत आंबट.

फुजी: गुलाबी रेघांचं, जड, खूप रसाळ आणि या यादीत सर्वांत गोड. टिकतंही चांगलं.

महाराजी: काश्मीरचं उशिराचं फळ, हिरवट-लाल आणि सालीवर पांढरे ठिपके. आंबट आणि रसाळ. अनेक जण एक घास खाऊन 'कच्चं आहे' म्हणून बाजूला ठेवतात. कोशिंबिरीत आणि मुरांब्यात मात्र त्याला तोड नाही.

अंबरी: काश्मीरची स्वतःची जात. सुवासिक, करकरीत, गोड. आपल्या बाजारात क्वचितच येते. दिसली की भाव फार करत बसू नका.

टप्पा ३: खरेदी, प्रत्येक जातीची ३ फळं

एक चाखायला, एक आठवड्याने पुन्हा चाखायला आणि एक शिजवून बघायला. प्रत्येक फळ १५० ते १८० ग्रॅमचं आणि सगळी साधारण एकाच आकाराची असावीत. फार मोठी फळं सहसा लवकर मऊ पडतात. शोभेच्या टोपलीसाठी ठीक, चाचणीला नको.

निवडताना हा क्रम ठेवा.

१. हातात तोला. आकाराच्या मानाने जड वाटलं पाहिजे.
२. अंगठ्याने देठाजवळ हलकं दाबा. अजिबात दबू नये. मध्यभागी जोरात दाबू नका. तिथे डाग पडतो आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला जातो.
३. देठाच्या खळग्याभोवती सुरकुत्या आहेत का बघा. फळ सुकायला लागल्याची खूण तिथे आधी दिसते.
४. लाल रंगाकडे नाही, लाल रंगाच्या मागच्या रंगाकडे बघा. तो गर्द हिरवा असेल तर फळ कोवळं, फिकट हिरवा-पिवळसर असेल तर खायच्या बेताचं, आणि पूर्ण पिवळा पडला असेल तर पिठूळ निघण्याची शक्यता जास्त. लाली उन्हावर आणि जातीवर ठरते, पिकण्यावर कमी. हिरव्या आणि पिवळ्या जातींना ही परीक्षा लागू नाही.
५. डेलिशियस घेताना फळाचं खालचं टोक तपासा. या जातीत ते बरेचदा गाभ्यापर्यंत उघडं असतं आणि तिथून बुरशी आत शिरते. बाहेरून देखणं आणि आतून काळं फळ निघतं ते यामुळे.

डागांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चांगली फळं टाकली जातात आणि वाईट घेतली जातात. देठाभोवतीचा खरखरीत तपकिरी पट्टा निरुपद्रवी असतो. सालीवरचे कोरडे, काळपट, खरुजेसारखे ठिपके दिसायला वाईट, पण साल काढली की फळ खाता येतं. सालीखाली कोरडे तपकिरी ठिपके आणि कडवट चव असेल तर ती फळात कॅल्शियम कमी पडल्याची खूण आहे. तेवढा भाग काढा. गाभ्याभोवती गर काचेसारखा पारदर्शक दिसला तर घाबरू नका, तो भाग बरेचदा जास्त गोड लागतो, फक्त ते फळ टिकत नाही. मऊ, पाणचट तपकिरी डाग आणि त्यावर निळी-हिरवी बुरशी मात्र सरळ कचऱ्यात. डाग कापून उरलेलं खाण्याचा मोह नको. या बुरशीचं विष डागाच्या पलीकडच्या गरातही गेलेलं असू शकतं.

> तपासणी: स्टिकरवरचा आकडा वाचा. ४०१५ आणि ४०१६ म्हणजे रेड डेलिशियस, ४०१७ आणि ४१३९ ग्रॅनी स्मिथ, ४१२९ आणि ४१३१ फुजी, ४१७३ आणि ४१७४ रॉयल गाला. पाच आकडी आणि ९ ने सुरू होणारा क्रमांक सेंद्रिय मालाचा. पण चकचकीत, आकडा नसलेलं नुसतं 'प्रीमियम' स्टिकर कशाचाच पुरावा नाही.

टप्पा ४: घरी आल्यावर लगेच साठवण

स्टिकर काढायच्या आधी जात लिहून घ्या. कागदाच्या चिठ्ठ्या करून फळं जातीप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत ठेवा. पिशवीला पाच-सहा भोकं पाडा. पूर्ण बंद पिशवीत पाणी सुटतं आणि उघड्यावर फळ सुरकुततं.

जागा फ्रीजमध्येच, ० ते ४ अंशांच्या आसपास. बाहेर टोपलीत ठेवलेलं सफरचंद फ्रीजमधल्यापेक्षा कित्येक पटींनी लवकर मऊ होतं. देवघरापुढे किंवा जेवणाच्या टेबलावर मांडलेली टोपली छान दिसते, पण पुण्या-नागपूरच्या मार्चनंतर ती चार दिवसांचीच समजा.

भाजीच्या कप्प्यात सफरचंद पालेभाजीशेजारी ठेवू नका. पिकताना ते इथिलीन वायू सोडतं. त्याने मेथी-पालक पिवळे पडतात आणि गाजर कडवट होतं. हाच वायू कामालाही येतो. घट्ट किवी किंवा हिरवी केळी पिकवायची असतील तर कागदी पिशवीत एक सफरचंद टाकून बाहेर ठेवा.

> इशारा: एक लागलेलं फळ पिशवीतल्या बाकीच्यांना घेऊन जातं. दर तीन दिवसांनी पिशव्या उघडून बघा. आत्ताच धुऊन ठेवू नका. ओल्या सालीवर बुरशी लवकर धरते.

टप्पा ५: धुणं, खायच्या आधी

साधं वाहतं पाणी आणि हाताने चोळणं यानेही धूळ आणि बरंचसं वरचं काही निघतं. कीटकनाशकाची चिंता असेल तर १ लिटर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन लहान चमचे, खायचा सोडा विरघळवा. त्यात फळं १२ ते १५ मिनिटं बुडवून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि पुसा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये गाला सफरचंदावर याच प्रमाणात प्रयोग केला होता. सालीवरची दोन औषधं एवढ्या वेळात निघून गेली. सालीच्या आत मुरलेला अंश मात्र कोणत्याच धुण्याने निघत नाही. त्याची फारच काळजी वाटत असेल तर साल काढणं हा एकच उपाय, पण मग सालीतला चोथाही जातो.

इथे नेहमी होणाऱ्या चुका: खायच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा वापरणं (तो जहाल असतो, अजिबात नको), बेकिंग पावडर वापरणं, भांड्यांचा साबण लावणं आणि मेण काढायला उकळतं पाणी ओतणं. उकळत्या पाण्याने साल शिजते आणि फळ आतून मऊ होतं. मेणाचं म्हणाल तर सफरचंदाच्या सालीवर स्वतःचं मेण असतंच. धुतल्यावर ते काही प्रमाणात जातं म्हणून व्यापारी वरून कार्नोबा (एका ताडाच्या पानांवरचं मेण) किंवा लाखेचा थर देतात, आणि आपल्या अन्नसुरक्षा नियमांत तसा उल्लेख करून तो देण्याची परवानगी आहे. नखाने खरवडल्यावर पांढरं निघालं म्हणजे विष निघालं, असं नाही.

टप्पा ६: चाखणी

फळं दीड तास आधी फ्रीजबाहेर काढा. थंड फळात गोडी आणि वास दोन्ही दबतात. चाखण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, पान, टूथपेस्ट काही नको. मीठ आणि चाट मसाला टेबलावरही ठेवू नका, कोणीतरी टाकतंच.

१. सगळी फळं एकाच वेळी, दहा मिनिटांच्या आत चिरा. लिंबू किंवा मिठाचं पाणी लावू नका.
२. देठातून खाली उभं चिरा. एक फोड लाल बाजूची आणि एक फिकट बाजूची घ्या. उन्हाकडची बाजू सहसा जास्त गोड असते. एकाच फोडीवर निकाल दिला की चुकतो.
३. आधी वास घ्या, देठाजवळ आणि चिरलेल्या गराचा.
४. पहिला घास सालीशिवाय, दुसरा सालीसकट. सालीचा चोथा तोंडात किती वेळ राहतो ते बघा.
५. क्रम कमी आंबटाकडून जास्त आंबटाकडे: डेलिशियस, गाला, गोल्डन, ग्रॅनी स्मिथ. ग्रॅनी स्मिथ आधी खाल्लं तर पुढचं प्रत्येक फळ अळणी लागतं.
६. मध्ये घोटभर साधं पाणी आणि चार-पाच बिनमिठाचे कुरमुरे.
७. पाच गोष्टींना १ ते ५ गुण द्या: करकरीतपणा, रस, गोडी, आंबटपणा, वास. 'छान' आणि 'बरं' असं लिहिलंत तर आठवड्याने त्याचा काही उपयोग होणार नाही.

शक्य असेल तर डोळे मिटून चाखा आणि फोडी दुसऱ्याला द्यायला सांगा. गडद लाल रंग बघून आपण नकळत गोडीला एखादा गुण जास्त देतो.

> तपासणी: एखादं फळ पिठूळ निघालं तर त्या जातीला गुण देऊ नका, दुसरं फळ कापा. जास्त पिकलेल्या फळात पेशींना चिकटवून ठेवणारा पेक्टिनचा बांध सैल होतो. चावल्यावर पेशी फुटायच्या ऐवजी एकमेकींपासून सुटतात, रस आतच राहतो आणि फळ कोरडं वाटतं. पाणी त्यात असतंच. हा वयाचा दोष आहे, जातीचा नाही, जरी काही जातींना तो लवकर गाठतो.

आठवड्याने दुसरी फळं याच पद्धतीने चाखा. कोणती जात तुमच्या फ्रीजमध्ये टिकते हे तेव्हाच कळतं. बहुतेक घरांत फुजी आणि ग्रॅनी स्मिथ तग धरतात आणि गोल्डन मागे पडतं.

टप्पा ७: तिसरं फळ शिजवा, कालवा

एका सफरचंदाच्या फोडी पाव कप पाण्यात झाकण ठेवून ८ ते १० मिनिटं मंद आचेवर शिजवा. गोल्डन आणि ग्रॅनी स्मिथ आकार धरतात. डेलिशियसचा बेचव लगदा होतो, म्हणून शिऱ्यात किंवा मुरांब्यात ते घालू नका.

कोशिंबिरीसाठी ग्रॅनी स्मिथ किंवा महाराजी. एका फळाला पाऊण कप घट्ट दही, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, मिरची, कोथिंबीर आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. दही-कूट आधी कालवून ठेवा, सालीसकट चिरलेलं फळ ताट वाढायच्या वेळी घाला आणि मीठ सर्वांत शेवटी. आधी मीठ घातलं की पाणी सुटतं आणि कोशिंबिरीची कढी होते. उपासाला हीच कोशिंबीर कोथिंबीर वगळून चालते, ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे.

डब्यात द्यायच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून एक कप पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून त्यात दहा मिनिटं ठेवा, मग धुवा आणि कोरड्या करून बंद डब्यात भरा. फोडी तपकिरी पडतात त्या लोहामुळे, हा समज घरोघरी आहे. ते काम गरातल्या विकराचं (एन्झाइमचं) आणि हवेचं. सफरचंदात लोह १०० ग्रॅमला मिलीग्रॅमच्या आठव्या हिश्श्याइतकंच असतं. रक्त वाढवायला म्हणून ते देत असाल तर पैसे दुसरीकडे लावा.

टप्पा ८: ताटात किती आणि कुठे

१८० ग्रॅमच्या एका सालीसकट सफरचंदात साधारण ९५ कॅलरी, १९ ग्रॅम साखर आणि सव्वाचार ग्रॅम चोथा असतो. साल काढली की चोथा जवळपास निम्मा होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला १०० ग्रॅम फळं धरलेली आहेत, म्हणजे एका लहान सफरचंदात ती भागतात. रोज तेच फळ मात्र नको. क जीवनसत्त्व सफरचंदात १०० ग्रॅमला जेमतेम ५ मिलीग्रॅम, तर पेरूत २०० च्या वर, आणि पेरूत चोथाही जास्त. थंडीत आठवड्याचे निम्मे दिवस पेरूला द्या.

मधुमेहासाठी हिरवंच सफरचंद घ्यायचं, कारण त्यात साखर नसते, ही सर्वांत महागात पडणारी चूक. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅमला ग्रॅनी स्मिथमध्ये ९.६ ग्रॅम साखर, गालात १०.४, रेड डेलिशियसमध्ये १०.५ आणि फुजीत ११.७ अशी आहे. म्हणजे १५० ग्रॅमच्या हिरव्या आणि लाल डेलिशियस फळात फरक सव्वा-दीड ग्रॅमचा. आंबट चव मॅलिक आम्लाची असते, साखर कमी असल्याची नाही. फळाच्या रंगापेक्षा प्रमाण सांभाळा: एका वेळी अर्धं मोठं किंवा एक लहान, सालीसकट, सोबत मूठभर शेंगदाणे किंवा चार बदाम, आणि भरपेट जेवणावर नाही. साखर मोजायचं यंत्र घरी असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजून तुमचं स्वतःचं उत्तर काढा.

रस काढू नका. घरी एक पेला रसाला दोन फळं लागतात, साखर दोन्हींची पोटात जाते आणि चोथा गाळणीत राहतो. दुधात फिरवलेला आणि वर साखर घातलेला मिल्कशेक हा गोड पदार्थ आहे, त्याला नाश्ता म्हणू नका.

ज्यांना सफरचंदानंतर पोट फुगतं किंवा गुडगुडतं, त्यांनी बळेच खाऊ नये. त्यातलं फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल काहींना पचत नाही. प्रमाण पाव फळावर आणून बघा. तरीही त्रास झाला तर पपई, संत्रं आहेच.

> इशारे: सहा महिन्यांवरच्या बाळाला सफरचंद वाफवून, कुस्करूनच द्या. चार वर्षांखालच्या मुलांना कच्च्या जाड फोडी देऊ नका, घशात अडकतात. किसून किंवा पातळ काप करून द्या. मिक्सरला लावताना गाभा आणि बिया काढा. चुकून एखादी बी गिळली तर काही होत नाही, पण चावलेल्या किंवा वाटलेल्या बियांतून सायनाइड तयार होतं. ॲलर्जीसाठी फेक्सोफेनाडिन घेत असाल तर गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्या. सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर ती शरीरात कमी शोषली जाते.